अकरा जणी आणि राजूरकर

रविवार, ७ सप्टेंबर

मुक्त ज्ञानकोशावर येणाऱ्या नव्या सदस्यांचं स्वागत करण्याचं काम आजपासून माझ्याकडे आलं. पगार नाही, ओळखपत्र नाही, पण काम आहे. प्रचालक हरिओम यांनी कळवलं, "नाजियाताई, जालन्याकडून आपल्याकडे फार थोडे लोक लिहितात. आपण जबाबदारी घेत असाल तर आनंदच आहे." प्रचालक म्हणजे तिथली व्यवस्था बघणारे. हरिओम हे त्यांचं खरं नाव की फक्त तिथलं, ते मला माहीत नाही.

जेवताना घरी सांगितलं. अम्मीला पुन्हा एकदा समजावलं, की सगळी माहिती एका ठिकाणी, फुकट, आणि ती कुणीही लिहायची.

"कोई भी?" अम्मीनं विचारलं.

"कोई भी."

"फिर गलत लिखा तो?"

"दूसरा दुरुस्त करता."

"और दूसरा भी गलत लिखा तो?"

मी म्हटलं, तिसरा. अम्मी म्हणाली, "मतलब मोहल्ले के नल पे जैसा होता वैसाच."

अब्बांनी विचारलं, "उसमें अपने धंदे का है क्या कुछ?" मी आनंदानं सांगितलं, की 'पिंजण' हा लेख मीच लिहिलाय, गेल्या महिन्यात, ग्रंथालयातल्या पुस्तकावरून, संदर्भासकट. त्यांनी वाचून दाखवायला सांगितला. मी सगळा वाचला. ते भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसले होते. भारावले असावेत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आमच्या कामावर कुणी काही लिहिलेलं त्यांनी आजवर ऐकलंच नसेल.

आमचं जुन्या जालन्यात गादीचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही. आजोबा राजूरकडच्या खेड्यांतून धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर घेऊन कापूस पिंजत फिरायचे. अब्बाही लग्न होईपर्यंत फिरले. मी तीन वर्षांची असताना दुकानात यंत्र आलं, आणि मला आठवतो तो यंत्राचाच आवाज. लेख लिहिताना अब्बांना काही विचारावं असं एकदा वाटलं होतं. पण ज्ञानकोशाचा नियम आहे, की छापील संदर्भ हवा, स्वतःच्या घरचं चालत नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

तीन दिवसांत नऊ जणांचं स्वागत केलं. स्वागताचा एक ठरलेला मजकूर असतो, त्याला साचा म्हणतात. नव्या सदस्याच्या पानावर तो लावायचा. मी त्यात वर एक ओळ घातली, "ज्ञानाचं हे दार आपल्यासाठी सदैव उघडं आहे." खाली नियमांचे अकरा दुवे आहेत.

नऊपैकी एकानंही उत्तर दिलं नाही. सात जण तर परत फिरकलेच नाहीत. माणूस दारात आला, आपण त्याला या म्हटलं, आणि तो निघून गेला. मी काही चुकीचं म्हटलं का? ओळ दहादा वाचली. ओळ चांगली आहे.

शीतलला फोन केला. ती माझी कॉलेजची मैत्रीण, केदारखेड्याची, आता जालन्यात खोली घेऊन राहते. ती म्हणाली, "अगं, तोंड न दिसणाऱ्या माणसाला कोण या म्हणतंय अन् कोण येतंय? माणसं समोर बसव. नंदाबाईला सांगते मी."

नंदाबाई शीतलची चुलत मावशी. आमच्याच भागात शेवया-पापडाचा बचत गट चालवते.

रविवार, १४ सप्टेंबर

आज पहिला वर्ग झाला! दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा गाद्यांच्या थप्प्यांवर सगळ्या बसल्या. अकरा जणी आणि चार फोन. इंटरनेट दुकानाचं. त्याचा पासवर्ड गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर लिहिलेलाच आहे.

अब्बांना म्हटलं, बाहेर बसा, बायकांना संकोच वाटेल. ते दारात खुर्ची टाकून उशीचे अभ्रे शिवत बसले. तसे त्यांचे कान आतच होते.

अकरा खाती उघडली. मग मी एकेकीच्या पानावर स्वागताचा साचा लावला आणि सगळ्यांना आपापलं पान वाचायला सांगितलं. गटातल्या महजबीन आपा म्हणाल्या, "इतनी सामने बैठी हूँ तेरे, तो मुँह से बोल ना." सगळ्या हसल्या. नंदाबाई म्हणाली, "नुस्तं फोनवर स्वागत? आमच्या गटात नवी बाई आली तर हळदीकुंकू, नारळ अन् चहा. तुमच्या ज्ञानकोशात चहा तरी हाय का न्हाई?" अम्मीनं चहा केला.

सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, की आपण काय लिहायचं, आपल्याला काय येतं. मी म्हटलं, जे माहीत आहे ते लिहा, भाषा मी शुद्ध करून देईन. तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

शीतल मागे राहिली आणि दारात अब्बांशी बराच वेळ बोलत होती. अब्बांचा फोन तिच्या हातात होता. बिघडला असणार. किती दिवस सांगतेय, नवा घ्या.

मंगळवार, २३ सप्टेंबर

मी आठवडाभर लेख शुद्ध करते आहे. अकरा जणींचे मिळून चौदा लेख झाले. ज्वारीच्या पापड्यांचे प्रकार, जातं टाकवणं म्हणजे त्याच्या झिजलेल्या दगडाला पुन्हा टाचे मारणं, भोकरदन तालुक्यातली काही गावं. मजकूर त्या मला फोनवर सांगतात किंवा कसाबसा लिहून पाठवतात, मी नीट करते आणि त्या आपापल्या खात्यातून लावतात. आता कुठलाही लेख काढून वाचला तर बाईनं पहिल्यांदाच लिहिलाय असं वाटत नाही.

सगळ्यात चांगला लेख नंदाबाईचा आहे, केदारखेड्याच्या सोनूबाई सुईणीवर. नंदाबाई स्वतः सोनूबाईंच्या हातावर जन्मली. तिनं सांगितलेलं मूळ असं होतं : "म्हातारीचे हात इतके गरम, की बाळंतीण म्हनायची, आता भ्या न्हाई. पुराच्या पाण्यातून डोक्यावर बोचकं धरून आल्ती आमच्या मायकडं." मी ते असं केलं : "सोनूबाई यांनी प्रतिकूल परिस्थितीतही प्रसूतिसेवा दिली." नंदाबाईनं दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "लई भारी. पण ही आमचीच सोनूबाई हाय ना?"

आणखी एक नवे सदस्य आलेत. नाव 'राजूरकर ५८'. आल्या आल्या त्यांनी माझ्या 'पिंजण' लेखातलं एक वाक्य बदललं. मी लिहिलं होतं, "पिंजणाने कापूस झोडपला जातो." त्यांनी लिहिलं : "पिंजणानं कापूस झोडपत न्हाईत झोडपला तर धागा तुटतो तात रुईत बुडवायची अन ठोकळ्यानं तातीला ठोकायचं तात थरथरली की रुई आपूआप उलगडती."

तात म्हणजे पिंजणाला ताणून बांधलेली आतड्याची दोरी. संदर्भ काही दिला नव्हता, विरामचिन्हंही नव्हती. मी ते उलटवून माझं वाक्य परत आणलं. पण नवे सदस्य आहेत, त्यांना वाईट वाटू नये म्हणून स्वागताचा साचा लावला आणि खाली स्वतः लिहिलं, "आदरणीय राजूरकर, आपले स्वागत. आपण दिलेली माहिती रोचक आहे, परंतु कृपया संदर्भ द्यावा."

उत्तर तासाभरात आलं : "बाई माझे दोन हात."

मला काही कळलं नाही. 'माझे दोन हात' नावाचं पुस्तक आहे का, ते शोधलं. सापडलं नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

राजूरकरांचं वाक्य चौथ्यांदा उलटवलं. आज ते चर्चेच्या पानावर रागावून लिहून गेले : "तुमचं पुस्तक ज्यानं लिहिलं त्यानं पिंजण खांद्यावर घेतलेलं न्हाई बाई. तुमी शिकलेल्या हायेत मंग एवढं बी इचारत न्हाई का कुणाला."

मी शांतपणे उत्तर दिलं. नव्या माणसाशी धीरानं वागावं असं स्वागताच्या नियमांत लिहिलंय. पण मन लागत नाही. इतकं आदरानं बोलावूनही हे गृहस्थ असे का वागतात?

दिवाळी जवळ आली म्हणून खाली गर्दी आहे. अब्बा काम करता करता फोनवर कुणाशी तरी बोलत असतात. एकच वाक्य तीन-तीनदा, एकेक शब्द सुटा करून, जणू पलीकडचा माणूस बहिरा आहे. मला त्या गिऱ्हाइकाची दया आली.

बुधवार, १ ऑक्टोबर

सोनूबाईंच्या लेखावर 'हटवण्यासाठी प्रस्तावित' अशी पाटी लागली आहे. कारण दिलंय, की कुठल्याही वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात या व्यक्तीचा उल्लेख नाही. सात दिवस चर्चा चालेल.

नंदाबाईला सांगायला गेले. ती शेवया वाळत घालत होती. म्हणाली, "म्हातारीनं निम्म्या गावाची नाळ कापली. तवा कुठं व्हता ह्यांचा पेपर?"  मी म्हटलं, चर्चेत कुणीही मत देऊ शकतं. रविवारी सगळ्या मिळून मत देऊ.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज झालं ते बघून मला भरून आलं.

मत कसं लिहायचं ते कुणाला कळत नव्हतं, म्हणून मी फळ्यावर नमुना लिहिला : "लेख ठेवावा. सोनूबाईंचे कार्य मोलाचे आहे." मग नंदाबाईनं सूत्रं हातात घेतली. गटाच्या बैठकीत ठराव होतो तसंच. "सूचक मी. अनुमोदक महजबीनभाभी. बाकीच्यांनी सह्या करा." चार फोन हातोहात फिरले. दहा मिनिटांत अकरा मतं पडली. सगळ्या टाळ्या वाजवत उठल्या, "ठराव एकमतानं मंजूर!"

इतकी एकजूट ज्ञानकोशानं कधी पाहिली नसेल.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सकाळी उघडलं तर मला लिहिताच येईना. लाल चौकट होती. ती इथे उतरवते, कारण मी ती वीस वेळा वाचली तरी समजलेली नाही.

"एकाच जोडणीवरून चालणारी बारा खाती व सदस्य नाजिया यांचे खाते गोठवण्यात येत आहे. ही खाती एकाच व्यक्तीने चालवलेली कठपुतळी खाती असल्याचा संशय आहे. सर्वांची भाषा एकसारखी आहे. दहा मिनिटांत अकरा खात्यांनी एकाच शब्दांत मत नोंदवले आहे. सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास खाती कायमची बंद होतील व त्यांचे सर्व लेख वगळले जातील."

म्हणजे अकरा जणी नाहीतच. मीच अकरा वेळा आहे.

फक्त माझ्या स्वतःच्या चर्चा पानावर मला लिहिता येतं. तिथे हरिओम यांना लिहिलं, की सगळ्यांची आधारकार्डं पाठवते. त्यांचं उत्तर आलं, "आपण कुणाचीही कागदपत्रे घेत नाही. इथे नाव न सांगता लिहिण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे." मी म्हटलं, मग सगळ्यांना व्हिडिओवर दाखवते. तेही चालत नाही. मग माणूस आहे हे सिद्ध कसं करायचं? ज्या घरात नाव न विचारता आत घेतात, त्या घरात आपण खरे आहोत हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि बारा कशी? मी अकरा आणल्या. तीनदा मोजल्या.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सगळ्यांना सांगावं लागलंच.

नंदाबाई म्हणाली, "म्हंजी मी न्हाईच म्हनतेत का ते? मतदार यादीत हाय, राशनच्या यादीत हाय, गटाची अध्यक्ष हाय. तिथंच तेवढी न्हाई?"

महजबीन आपा म्हणाल्या, "कठपुतली? मेरे घुटने देखे क्या उनो? इन घुटनों से नाचूँगी मैं?"

मला हसू आलं नाही, कारण वंदना रडत होती. वंदना सगळ्यात लहान, लग्नाला दोन वर्षं झालीत. 'कठपुतळी खातं' हा शब्द तिच्या नवऱ्यानं वाचला. त्यानं विचारलं, तू काय खोटं करून राह्यलीस फोनवर? फोन काढून कपाटात ठेवला. ती म्हणाली, "ताई, तुम्ही लिहून द्या ना त्यांना, की मी खरी हाय."

मीच त्यांना या म्हणून आणलं. आता मीच त्यांना खोटं ठरवायला कारण झाले. कसं, ते अजून कळत नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज नंदाबाईला सहज विचारलं, की रविवारी वंदना तर ताप आला म्हणून आलीच नव्हती, मग तिचं मत कसं पडलं?

"मी टाकलं," नंदाबाई म्हणाली. "तिचा पासवर्ड माझ्याकडंच हाय. अन् उषाबाई लवकर उठून गेल्ती, तिचं बी."

"नंदाबाई, ते चालत नाही!"

"का न्हाई चालत? गटात कुणाची सही राहिली तर अध्यक्ष करती. इचारून करते मी. चोरून केलं का?"

तिचं बरोबर आहे. तिच्या गटात ते बरोबरच आहे. आणि हरिओमचंही बरोबर आहे. दोन बरोबर गोष्टींच्या मधे मी उभी आहे. हे लपवलं तर कुणाला कळणार नाही, आणि सांगितलं तर अकराही जातील.  अम्मीच्या गादीला टाके घालत बसले आणि चार टाके वाकडे घातले, ते अम्मीनं उसवले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

लिहिलं सगळं. अकरा बायका आहेत, खऱ्या आहेत. अकरापैकी दोन मतं नंदाबाईंनी त्या दोघींना विचारून दिली, हे चूक आहे. मतांचे शब्द मी फळ्यावर लिहून दिले होते. सगळ्यांची भाषा एकसारखी आहे कारण ती मी शुद्ध करून दिली. "मला वाटलं, हेच स्वागत," असंही लिहिलं. नंतर ते वाक्य काढावंसं वाटलं, पण ठेवलं.

बाराव्या खात्याबद्दल लिहिलं, की ते कुणाचं आहे मला माहीत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

हरिओम यांचं उत्तर आलं. शब्दशः उतरवते.

"आपला खुलासा वाचला. तो एरवी पुरला नसता, कारण असे सगळेच म्हणतात. पण 'राजूरकर ५८' हे खाते त्याच जोडणीवरून चालते, आणि त्याची दुरुस्ती आपण पाच वेळा उलटवली आहे. त्यांनीही आपल्याला खूप सुनावले आहे. कठपुतळ्या खेळवणारा माणूस स्वतःशी दोन आठवडे इतक्या तळमळीने भांडत नाही. त्यांची भाषाही बाकी कुणासारखी नाही. म्हणजे त्या जोडणीवर निदान दोन खरी माणसे आहेत. तेव्हा बाकीच्यांनाही संधी देतो. प्रत्येकीला स्वतःच्या चर्चा पानावर लिहिता येईल. तिथे तिने स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. आपण कृपया काहीही दुरुस्त करू नये."

म्हणजे ज्यांनी मला इतका त्रास दिला, त्यांच्यामुळेच आम्ही वाचतोय. आणि ते आमच्या दुकानाच्या इंटरनेटवर आहेत! पासवर्ड भिंतीवर आहे म्हटल्यावर कुणीही असू शकतं. समोरचे चहावाले राधेश्याम काका मूळचे राजूरचे. मी लगेच गेले.

"काका, तात कशाची असते?"

"तात? चहात न्हाई टाकत आपण," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून, "बेटा, बरं हाय ना घरी?"

मी म्हटलं, तुमच्यामुळे अकरा बायकांची खाती वाचताहेत, मी तुमची ऋणी आहे. त्यांनी मला फुकट चहा दिला आणि बसायला स्टूल दिलं. लपवताहेत का? मोठी माणसं अशीच असतात.

शीतलला हे सांगितलं तर ती पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

अकराही जणींनी लिहिलं. वंदनाच्या नवऱ्यानं तेवढ्यासाठी फोन दिला आणि लिहीपर्यंत शेजारी बसून राहिला. मी कशालाही हात लावला नाही. हात पाठीमागे बांधून वाचलं.

वंदना : "मी वंदना. मला ताप होता म्हणून मी आली न्हवती. पापड्या मला सासूनं शिकवल्या ते लेखात राहिलं ते कोणी टाका."

नंदाबाई : "मी हाय. मत टाकलं ते माझी चूक मी मान्य करते पण सोनूबाई व्हती ती चूक न्हाई."

महजबीन आपांचं वाचून मी कपाळाला हात लावला : "मेरेको सोनूबाई मालूम नहीं. सब बोले तो मैंने भी लिखी. औरत अच्छीच रही होगी."

त्यावर नंदाबाईनं स्वतःच्या पानावर लिहिलं : "भाभी तुम्ही अनुमोदक व्हत्या!" आणि आपांनी त्यांच्या पानावर : "अनुमोदक को मालूम होना जरूरी है ये किसने बोला?"

संध्याकाळी हरिओम यांनी बाराही खाती खुली केली, माझंही. त्यांनी एवढंच लिहिलं, "खात्री पटली." सोनूबाईंचा लेख मात्र गेला. संदर्भ मिळेपर्यंत तो नंदाबाईच्या स्वतःच्या पानावर कच्चा म्हणून राहील. नंदाबाईला सांगितलं. तिनं तो पुन्हा एकदा वाचून घेतला. मग म्हणाली, "मंग तिथं तरी माझं पयलं होतं तसं लिव्ह. गरम हात अन् पुराचं पाणी. प्रतिकूल का काय ते काढ."

ती आणि आपा एकमेकींशी बोलत नाहीत. मी सगळ्यांना जोडायला निघाले होते ना?

शनिवार, १८ ऑक्टोबर

काल हरिओम यांनी राजूरकरांच्या पानावर लिहिलं, की छापील संदर्भ नसेल तर अवजाराचं स्वतः काढलेलं छायाचित्र तरी लावा, म्हणजे वाचकाला दिसेल. आज दुपारी छायाचित्र आलं.

मी उघडलं. मोठं पिंजण, तात ताणलेली आणि रुईत बुडवलेली. एका हातात लाकडी ठोकळा. खाली लिहिलं होतं, "हात स्वतःचे." ठोकळा धरलेल्या हाताच्या अंगठ्याला नख नाही.

ते नख यंत्राच्या पट्ट्यात गेलं, मी चौथीत असताना. अब्बा त्या दिवशीही मला शाळेत सोडायला आले होते. हात रुमालात गुंडाळला होता आणि बाईंना सलाम डाव्या हातानं केला होता.

छायाचित्रात मागे माझी पिवळी ओढणी वाळत होती.

 'आदरणीय राजूरकर, आपले स्वागत.' पाच वेळा उलटवलं. 'कृपया संदर्भ द्यावा.' आणि त्यांनी रोज खाली बसून ते वाचलं, मग वर येऊन माझ्यासमोर जेवले, आणि एका शब्दानं काही म्हटलं नाही. का नाही म्हटलं? मी ऐकलं नसतं म्हणून? की कुणीतरी त्यांना 'आदरणीय' म्हणतंय, ते मोडू नये म्हणून? मला खरंच कळत नाही. पहिल्या दिवशी मी लेख वाचून दाखवला तेव्हा ते भारावले नव्हते, एवढं मात्र आता कळलं.

जेवताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "क्या बोलता तेरा कोश?"

मी म्हटलं, "अच्छा है अब्बा." अम्मीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि अब्बांकडे बघितलं. तिलाही माहीत होतं.

रविवार, १९ ऑक्टोबर

आज वर्ग नाही, दिवाळीची गर्दी आहे. सकाळी राधेश्याम काकांना जाऊन माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा चहा दिला.

मग 'पिंजण' उघडलं. राजूरकरांचं वाक्य परत जागेवर ठेवलं, जसं होतं तसं. पूर्णविराम द्यायला बोट गेलं होतं, मागे घेतलं. माझं वाक्य खाली नेलं आणि त्याच्यापुढे लिहिलं, "एका पुस्तकात असे म्हटले आहे."

खाली जाऊन त्यांना मिठी मारावी असं वाटत होतं. पण मग राजूरकर उरणार नाहीत. अब्बाच उरतील, आणि अब्बा मला काही सांगत नाहीत, कारण मी शिकलेली आहे. राजूरकर सांगतात.

म्हणून त्यांच्या पानावरचा स्वागताचा साचा काढून टाकला, अकरा दुव्यांसकट. तिथे लिहिलं :

"आदरणीय राजूरकर, पुस्तकात नाही म्हणून विचारते. रुई पुरती उलगडली, आता थांबायचं, हे पिंजणाऱ्याला कसं कळायचं?"

लिहून खिडकीत बसले. दुकानातलं यंत्र चालू होतं. थोड्या वेळानं ते थांबलं. बाहेर एक बाई विचारत होती, गादी कवा देता? अब्बा तिला म्हणाले, "बसा बाई जरा, एक जरुरी काम हाय."

मग त्यांचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, फोन तोंडाजवळ धरून त्याच्याकडून लिहवून घ्यावं तसा.

"बाई. ते. कानानं. कळतं."

पुढचं ऐकायचं आहे. वही ठेवते.